वेरगिल्ड, वीरगळ आणि वैर: एका जुन्या इंग्रजी सामासिक शब्दाची व्युत्पत्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या आरंभीच्या इतिहासावरील एका ग्रंथाचे मराठी भाषांतर करताना ‘वेरगिल्ड’ हा शब्द वारंवार येतो. एखाद्याची हत्या झाल्यास मारणाऱ्याने मृताच्या नातेवाइकांना द्यायची ठरलेली रक्कम, असा त्याचा अर्थ ग्रंथातच दिलेला आहे. भाषांतरकार विचारतात की यातील ‘वेर’ म्हणजे इंग्रजी ‘वॉर’, म्हणजे युद्ध, आहे का. ‘गिल्ड’ म्हणजे सोन्याचा मुलामा की कारागिरांचा संघ. आपल्या ‘वीरगळ’, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा, या शब्दाशी त्याचे काही नाते असू शकेल का, कारण उच्चारही जुळतो आणि दोन्हीकडे मेलेला माणूसच विषय आहे. आणि शेवटी मराठीत या शब्दासाठी काय लिहावे.

तुलनात्मक भाषाशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि शब्दांच्या व्युत्पत्तीचे असे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. त्यांतले बहुतेक साम्य निव्वळ कानाचे असते आणि दोन ओळींत उत्तर संपते. हा प्रश्न मात्र वेगळा आहे. ‘वेरगिल्ड’ आणि ‘वीरगळ’ या दोन शब्दांचा पूर्वार्ध खरोखरच एका मुळाचा आहे, उत्तरार्धाचा परस्परांशी कोणताही संबंध नाही, आणि या इंग्रजी शब्दाशी अर्थाने सर्वांत जवळचा भारतीय शब्द ‘वीरगळ’ नसून तो ऋग्वेदात सापडतो. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम ‘वेर’. नॉर्मन आक्रमणापूर्वीच्या इंग्रजीत, म्हणजे 1066 च्या आधीच्या ज्या भाषेला आपण जुनी इंग्रजी म्हणतो तिच्यात, ‘वेर’ म्हणजे प्रौढ पुरुष. त्या भाषेत ‘मान’ हा शब्दही होता, पण त्याचा अर्थ स्त्री किंवा पुरुष कोणीही, म्हणजे ‘माणूस’ असा होता. पुरुषाला ‘वेर’ आणि स्त्रीला ‘वीफ’ म्हणत. पुढे ‘मान’ने पुरुषाचा अर्थही बळकावला आणि ‘वेर’ तेराव्या शतकाच्या सुमारास भाषेतून नाहीसा झाला. त्याचे दोन अवशेष मात्र आजच्या इंग्रजीत शिल्लक आहेत. एक ‘वेअरवुल्फ’, म्हणजे लांडग्याचे रूप घेणारा नर. संस्कृतात घटक घटकाला लावला तर तो ‘वीर-वृक’ होईल, कारण ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ हेही एकाच मुळाचे शब्द आहेत. दुसरा अवशेष इतका झिजलेला आहे की तो समास आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो म्हणजे ‘वर्ल्ड’. त्याचे जुने रूप ‘वेओरोल्ड’, फोड ‘वेर’ अधिक ‘वय, युग’ दाखवणारा शब्द, आणि मूळ अर्थ ‘मनुष्याचे युग’. काळाचा हा शब्द पुढे स्थळाचा, जगाचा झाला.

या ‘वेर’ची भावंडे पाहिली की संस्कृताशी नाते स्पष्ट होते. लॅटिनमध्ये ‘विर’, लिथुआनियनमध्ये ‘वीरास’, जुन्या आयरिशमध्ये ‘फेर’, गॉथिकमध्ये ‘वेर’ असाच उच्चार असलेला शब्द, अवेस्तनमध्ये ‘वीर’ आणि संस्कृतात ‘वीर’. आयरिश ‘फ’ पाहून कुणी दचकू नये. संस्कृतातील आरंभीच्या ‘व’ला जुन्या आयरिशमध्ये नियमाने ‘फ’ येतो: आपली ‘विधवा’ इंग्रजीत ‘विडो’, लॅटिनमध्ये ‘विदुआ’ आणि जुन्या आयरिशमध्ये ‘फेद्ब’ आहे. व्युत्पत्तीचा पुरावा असाच असावा लागतो. एक शब्द दुसऱ्यासारखा ऐकू येणे पुरेसे नाही. त्याच जागी तोच बदल इतर शब्दांतही झालेला दाखवता आला पाहिजे.

स्वराचा प्रश्न मात्र उरतो आणि तो टाळून चालणार नाही. संस्कृतात दीर्घ ‘ई’, जुन्या इंग्रजीत ऱ्हस्व ‘ए’, हे कसे? यात दोन स्वतंत्र बदल आहेत. ‘इ’चा ‘ए’ झाला तो जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळातल्या त्या, भाषांतील एका बदलामुळे: पुढच्या अक्षरात ‘अ’ असला तर आधीची ‘इ’ अनेक शब्दांत खाली उतरून ‘ए’ होते. संस्कृत ‘नीड’, म्हणजे घरटे, आणि इंग्रजी ‘नेस्ट’ या जोडीतही ‘इ’च्या जागी ‘ए’ असाच आलेला आहे. दीर्घत्वाचे कारण निराळे. मूळ भारोपीय, म्हणजे संस्कृत आणि युरोपातील बहुतेक भाषा जिच्यापासून निघाल्या त्या भाषेतील, रूपात ‘इ’नंतर घशातून उच्चारले जाणारे एक व्यंजन होते; ते लोपताना आधीचा स्वर दीर्घ झाला, आणि संस्कृत, अवेस्तन व लिथुआनियन भाषांनी तो दीर्घ स्वर जपला. लॅटिन, केल्टिक आणि जर्मानिक या पश्चिमेकडील शाखांत मात्र शब्दाचा आघात त्या स्वराच्या पुढच्या अक्षरावर असेल तर दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, हे रशियन भाषाशास्त्रज्ञ व्लादिमीर दिबो यांनी दाखवून दिले आणि तो नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. वैदिक संहितापाठात ‘वीर’ शब्दाचा उदात्त स्वर, म्हणजे आघात, शेवटच्या अक्षरावरच आहे. ऋग्वेदाच्या पाठकांनी तीन हजार वर्षे जपलेला एक स्वर इंग्लंडमधल्या शब्दातील ऱ्हस्वत्वाचा उलगडा करतो, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने अप्रूप वाटते.

‘वॉर’शी मात्र याचा संबंध नाही. ‘वॉर’ हा शब्द उत्तर फ्रान्समधील फ्रेंच बोलीतील ‘वेर्’ या रूपावरून नॉर्मन लोकांबरोबर इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ गोंधळ, कलह असा अर्थ असलेल्या एका जुन्या जर्मानिक शब्दात आहे. तो इंग्रजीत दिसू लागतो बाराव्या शतकाच्या सुमारास. ‘वेरगिल्ड’ हा शब्द त्याच्या कितीतरी आधी, वेसेक्सचा राजा ईने याच्या सातव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कायद्यांत आलेला आहे. जो शब्द भाषेत अजून यायचा आहे तो आधीच्या समासाचा घटक होऊ शकत नाही.

आता ‘गिल्ड’. जुन्या इंग्रजीत ‘यिएल्दान’ असे क्रियापद होते, अर्थ देणे चुकवणे, फेडणे. त्याचे नाम वेसेक्सच्या बोलीत ‘गिएल्ड’, इतर बोलींत ‘गेल्ड’, आणि उत्तरकाळात ‘गिल्ड’ अशा निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते. आजही इंग्रजी ग्रंथांत ‘वेरगिल्ड’, ‘वेरगेल्ड’ आणि ‘वेरेगिल्ड’ अशी तीन रूपे दिसतात ती यामुळेच. अर्थ एकच: देय, भरणा. गॉथिक बायबलमध्ये सीझरला द्यायच्या करासाठी हाच शब्द वापरला आहे. जर्मन भाषेत तो ‘गेल्ट’ झाला आणि त्याला ‘पैसा’ असा अर्थ आला. आजच्या इंग्रजीत त्या क्रियापदाचा वारस आहे ‘यील्ड’. शेत पीक देते तेही ‘यील्ड’ आणि हरलेला शरण जातो तेही ‘यील्ड’, या दोन्ही अर्थांच्या मागे ‘देणे चुकते करणे’ हाच जुना अर्थ आहे.

कारागिरांच्या संघाचा ‘गिल्ड’ही याच कुळातला आहे, सामायिक मेजवानीसाठी किंवा धर्मकृत्यासाठी वर्गणी भरणाऱ्यांचा तो समूह होता. म्हणून भाषांतरकारांचा हा तर्क पूर्णपणे चुकीचा नाही, फक्त ‘वेरगिल्ड’मध्ये अर्थ संघाचा नसून त्याच्याही मागच्या वर्गणीचा, देयाचा आहे. सोन्याचा मुलामा देणे हा अर्थ असलेला ‘गिल्ड’ मात्र सर्वस्वी वेगळा. तो ‘गोल्ड’वरून आला आहे आणि त्याचे मूळ पिवळेपणा दाखवणाऱ्या धातूत आहे, ज्यातून संस्कृतात ‘हरि’ आणि ‘हिरण्य’ आले. अपराध या अर्थाचा ‘गिल्ट’ हाही पुष्कळदा या कुळात घातला जातो. अपराध म्हणजे ज्याची भरपाई करावी लागते ते, हा अर्थ मोठा पटण्यासारखा आहे. पण ‘ड’च्या जागी ‘ट’ का आला याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही, आणि तोपर्यंत मी तरी हे नाते मान्य करणार नाही.

येथे उच्चाराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ‘वीरगळ’चा प्रश्न तिच्यावरच अवलंबून आहे. जुन्या इंग्रजीत ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांच्या आधी येणाऱ्या ‘ग’ अक्षराचा उच्चार ‘य’ असा होत असे. म्हणूनच ‘यील्ड’मध्ये आज ‘य’ आहे. राजा आल्फ्रेडच्या दरबारात, नवव्या शतकाच्या अखेरीस, हा शब्द ‘वेर-यिएल्ड’ असा उच्चारला जात असणार. आज आपण करतो तो ‘ग’युक्त उच्चार जुन्या लिखाणावरून आणि जर्मन रूपाच्या प्रभावाने पुढे रूढ झालेला आहे, कारण मधल्या काळात शब्द लोकांच्या तोंडून गेला होता आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी तो हस्तलिखितांतून पुन्हा उचलला. तात्पर्य, ‘वेरगिल्ड’ आणि ‘वीरगळ’ यांतला जो ‘ग’ आपल्या कानाला जुळलेला वाटतो तो जुन्या इंग्रजांच्या तोंडी नव्हताच.

आता ‘वीरगळ’चा उत्तरार्ध पाहू. कन्नडमध्ये ‘कल्’ किंवा ‘कल्लु’ म्हणजे दगड. समासात उत्तरपदाच्या आरंभीच्या ‘क’चा ‘ग’ होतो, म्हणून ‘वीर’ अधिक ‘कल्लु’ मिळून ‘वीरगल्लु’, आणि मराठीत ‘वीरगळ’. याची खात्री करून घ्यायची असेल तर आपल्याकडचाच दुसरा शब्द पाहावा: शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळातील दानलेखांवर शापवचन आणि गाढवाचे शिल्प असलेल्या शिळेला आपण ‘गद्धेगळ’ म्हणतो. तिथेही ‘गळ’ म्हणजे दगडच. तेव्हा ‘वीरगळ’ म्हणजे वीराचा दगड आणि ‘वेरगिल्ड’ म्हणजे वीराचे देय. पूर्वपद एक, उत्तरपदे दोन निरनिराळ्या भाषाकुळांतली.

संस्थेच्या दृष्टीनेही दोहोंची दिशा उलट आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे नौकायुद्धाची दृश्ये कोरलेले वीरगळ आहेत, आणि गावोगावच्या देवळांपाशी तर साधे वीरगळ कितीतरी दिसतात. खालच्या पट्टीत लढाई, वर अप्सरा वीराला नेत आहेत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. यात शत्रूकडून काही वसूल केलेले नाही; आपल्या माणसांनी आपल्या माणसाची स्मृती ठेवली आहे. कर्नाटकातील वीरगळांच्या लेखांत मृताच्या कुटुंबाला जमीन दिल्याचे उल्लेख येतात आणि त्या दानाला ‘नेत्तरुगोडगे’, म्हणजे रक्ताचे दान, असे नाव आहे. मराठेशाहीतही कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी ‘बालपरवेशी’ देत. हे सर्व देणारा राजा किंवा गाव, म्हणजे मृताची स्वतःची बाजू. वेरगिल्ड देणारी बाजू मारणाऱ्याची. रक्ताच्या बदल्यात काहीतरी देणे एवढेच साम्य धरून दोन्ही एकत्र केले तर देय मारणाऱ्याकडून येते हा मूळ ग्रंथातील मुद्दा भाषांतरात कोसळेल, म्हणून हा भेद मी आवर्जून सांगतो.

तो मुद्दा कळावा यासाठी वेरगिल्ड प्रत्यक्षात कसे चालत असे ते थोडे पाहणे आवश्यक आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन 98 मध्ये जर्मानिक टोळ्यांविषयी लिहिताना नोंदवले आहे की त्यांच्यात मनुष्यवधाचेसुद्धा ठरावीक संख्येची गुरेढोरे देऊन निवारण होते आणि ती भरपाई संपूर्ण घराणे स्वीकारते. इंग्लंडमध्ये याचा सर्वांत जुना लिखित पुरावा केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यांत आहे. हे कायदे इसवी सन 600 च्या सुमाराचे असून इंग्रजी भाषेतले ते सर्वांत जुने कायदे आहेत; आज ते बाराव्या शतकात रॉचेस्टर येथे तयार झालेल्या एका हस्तलिखितामुळे उपलब्ध आहेत. त्यांत ‘वेरगिल्ड’ऐवजी ‘लेओद-गेल्ड’ असा शब्द आहे, ‘लेओद’ म्हणजे जन, माणूस. साधारण देय शंभर शिलिंग. त्यातले वीस शिलिंग कबर उघडी असतानाच द्यायचे आणि पूर्ण रक्कम चाळीस रात्रींच्या आत. कबर बुजवण्याआधीचा तो पहिला हप्ता हा कायद्याचा सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे असे मला वाटते: मृताचे नातेवाईक तिथे शस्त्रांसह जमलेले असणार, आणि नेमक्या त्या क्षणी पैशाने तलवार थांबवायची होती.

वेसेक्स आणि मर्सिया या राज्यांत समाजातील दर्जा या रकमेवरूनच ओळखला जाई. सामान्य स्वतंत्र शेतकऱ्याचे वेरगिल्ड दोनशे शिलिंग, म्हणून तो ‘त्वी-हिंदे’. सरदाराचे बाराशे, म्हणून तो ‘ट्वेल्फ-हिंदे’. मधला एक सहाशेचाही वर्ग होता. ‘हिंदे’ हा घटक ‘हुंद’ या संख्यावाचकावरून आला आहे, आणि ‘हुंद’ म्हणजे संस्कृत ‘शत’च. अर्थात आपण मराठीत सरळ ‘दोनशेवाला’ आणि ‘बाराशेवाला’ म्हणू शकतो. उत्तरेकडील लोकांच्या एका कायद्यात राजापासून शेतकऱ्यापर्यंतची पूर्ण उतरंड दिली आहे, त्यात राजाची किंमत तीस हजार थ्रिम्सा या नाण्यांची आहे आणि तिच्यातील निम्मी नातेवाइकांना, निम्मी प्रजेला द्यायची आहे. त्याच यादीत शेतकऱ्याला 266 थ्रिम्सा आहेत. ईनेच्या कायद्यात पराभूत वेल्श माणसाचेही दर आहेत: एका कुटुंबाच्या निर्वाहाइतकी जमीन असेल तर 120 शिलिंग, निम्मी असेल तर 80, जमीन नसेल तर 60. शब्द सांगतो ‘माणसाचे देय’, पण कोणता माणूस किती माणूस आहे, हे त्या आकड्यांत लिहून ठेवलेले आहे, आणि हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते.

पुढे या समासाचा उत्तरार्ध गळून पडला आणि नुसते ‘वेर’ म्हटले तरी रक्कम समजली जाऊ लागली. ‘त्याने आपला वेर भरावा’ असे कायदे लिहितात, तेव्हा तिथे ‘पुरुष’ हा अर्थ उरलेलाच नसतो. भाषांतरात ही जागा घसरण्याची आहे, कारण शब्दकोशात ‘वेर’ म्हणजे पुरुष एवढेच पाहून वाक्य लावले तर ते निरर्थक होते. त्याच्या शेजारी येणारे दोन शब्दही ओळखून ठेवावेत: मृताच्या धन्याला द्यायची ती ‘मानबोत’ आणि राजाला भरायचा तो दंड ‘वीते’. वेरगिल्ड नातेवाइकांचे, मानबोत धन्याची, वीते राजाचा. बाराशेवाल्याचे वेरगिल्ड भरले जाईल याचे हमीदार बारा लागत, त्यांपैकी आठ वडिलांकडील नातलगांतून आणि चार आईकडील.

या व्यवस्थेतून राजघराणीही सुटली नव्हती. 679 मध्ये ट्रेंट नदीकाठच्या लढाईत नॉर्थम्ब्रियाच्या राजाचा धाकटा भाऊ मारला गेला तेव्हा मुख्य धर्मगुरू थिओडोर यांनी मध्यस्थी केली आणि माणसाच्या बदल्यात माणूस न मागता ठरलेले द्रव्य घेऊन राजा शांत झाला, असे बीड या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. 694 च्या नोंदीत केंटच्या लोकांनी ईनेला तीस हजार दिले असा उल्लेख आहे, कारण त्यांनी त्याच्या मूल नावाच्या आप्ताला सात वर्षांपूर्वी जाळून मारले होते. आणि यॉर्कचे धर्मगुरू वुल्फस्टन यांनी 1014 मध्ये डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या देशापुढे केलेल्या प्रवचनात एक उदाहरण दिले आहे: पळून जाऊन समुद्री चाच्यांना मिळालेल्या गुलामाने सरदाराला मारले तर त्या सरदाराच्या नातेवाइकांना काहीच मिळत नाही, पण सरदाराने आपल्याच जुन्या गुलामाला मारले तर त्याला सरदाराचे मोल भरावे लागते. तिथे ‘एय-गिल्दे’, म्हणजे देयाविना, आणि ‘थेन-गिल्दे’, म्हणजे सरदाराचे देय, असे याच ‘गिल्ड’चे आणखी दोन समास आले आहेत. बाराव्या शतकात मनुष्यवध हा राजाविरुद्धचा गुन्हा ठरत गेला, नातेवाइकांचा हक्क संपला आणि हक्काबरोबर शब्दही गेला.

आता मूळ प्रश्नाच्या सर्वांत समृद्ध भागाकडे येतो. संस्कृतात ‘वीर’ला तद्धित प्रत्यय लागून, ‘शिव’पासून ‘शैव’ व्हावा तसा, ‘वैर’ शब्द झाला. आज आपल्याला वैर म्हणजे शत्रुत्व एवढेच माहीत आहे. परंतु ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील एकसष्टाव्या सूक्तात ‘स वैरदेय इत्समः’ असे शब्द येतात, आणि ‘वैरदेय’ हा समास घटकांनुसार पाहिला तर वेरगिल्डच्या शेजारीच बसतो: एका बाजूला ‘वीर’पासून झालेले ‘वैर’ आणि ‘देय’, दुसऱ्या बाजूला ‘वेर’ आणि ‘गिल्ड’. मॅकडोनेल आणि कीथ यांनी 1912 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैदिक नामविषयसूचीत ‘वैर’ आणि ‘वैरदेय’ या शब्दांचा अर्थ सांगताना सरळ वेरगिल्डचाच उल्लेख केला आहे. दुसऱ्या मंडलात राका देवीला केलेली एक सुंदर प्रार्थना आहे: न तुटणाऱ्या सुईने तिने काम शिवावे आणि ‘वीरं शतदायम् उक्थ्यम्’ द्यावा. इथे वीर म्हणजे पराक्रमी पुत्र. ‘शतदाय’चा अर्थ ‘शंभर देणारा’ असाही लावला जातो, पण ‘ज्याचे देय शंभर आहे असा’ हा अर्थ अनेक विद्वानांनी स्वीकारला आहे. तो घेतला तर प्रार्थना करणारा देवीजवळ ‘शंभराचा’ मुलगा मागतो आहे, आणि हजारो मैल दूर, पुष्कळ शतकांनंतर, इंग्रजी कायदा ‘बाराशेचा’ माणूस म्हणतो तेव्हा ‘वीर’ आणि ‘शत’ यांचे सख्खे भाऊ तिथे उभे असतात.

धर्मसूत्रांत ही प्रथा अगदी उघड आहे. आपस्तंब सांगतात की क्षत्रियाचा वध केल्यास ‘वैरयातनार्थ’ एक हजार गाई द्याव्यात, वैश्यासाठी शंभर, शूद्रासाठी दहा, आणि प्रत्येक वेळी प्रायश्चित्त म्हणून एक बैल अधिक. ‘वैरयातन’ म्हणजे वैर फेडणे, चुकते करणे. इथेही माणसाची किंमत त्याच्या वर्णाने ठरली आहे, आणि इंग्रजी कायद्यातील उतरंड पाहून जी अस्वस्थता वाटते ती या सूत्राजवळही तेवढीच वाटली पाहिजे. बौधायनाने अशाच गाई राजाला द्यायला सांगितल्या आहेत. म्हणजे देय नातेवाइकांकडून राजाकडे सरकण्याची जी वाटचाल इंग्लंडमध्ये दिसते, तिच्यासारखी खूण आपल्याकडेही आहे. देयाचे माप गाईगुरे हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. जुन्या इंग्रजीत धनाला ‘फेओ’ म्हणत, त्याचा मूळ अर्थ गुरे, आणि तो शब्द आपल्या ‘पशु’चा सगोत्र आहे. वधाची भरपाई देताना दोन्ही समाज एकाच शब्दाने मोजता येईल असे धन मोजत होते.

असे असले तरी येथे मी थांबून एक सावधगिरीची सूचना देतो. ‘वेरगिल्ड’ आणि ‘वैरदेय’ हे दोन्ही समास एका प्राचीन समासापासून उतरले आहेत असे म्हणता येत नाही. ‘वीर’ हा घटक वारशाने आला. ‘गिल्ड’चा संस्कृतात वारस नाही आणि ‘देय’ हा ‘दा’ धातूचा, सर्वस्वी वेगळा. दोन्हीकडे लोकांनी आपापल्या भाषेत जवळपास सारखा समास घडवला. रक्ताच्या मोलाची प्रथाही केवळ भारोपीय लोकांची नाही. अरबांची ‘दियत’ सर्वांना ठाऊक आहे. या प्रथेसाठी खरोखर वारशाने आलेला शब्द शोधायचा असेल तर तो ग्रीक ‘पोइने’, म्हणजे वधाची भरपाई, आणि अवेस्तन ‘कएना’, म्हणजे सूड, या जोडीत सापडतो. या दोहोंचे मूळ एकच. ग्रीक शब्द लॅटिनमध्ये ‘पोएना’ झाला आणि त्यातून इंग्रजीत ‘पेन’, म्हणजे वेदना, आणि ‘पेनल्टी’, म्हणजे दंड, हे शब्द आले. अवेस्तन शब्दाचा वंशज फार्सीतला ‘कीन’, त्याचाच उर्दूतला ‘कीना’. एका टोकाला भरपाई आणि दुसऱ्या टोकाला सूड, असा अर्थ दुभंगला यात नवल नाही. मराठीतसुद्धा आपण ऋण फेडतो आणि उट्टेही फेडतो.

शेवटी भाषांतराविषयी. ‘रक्तमूल्य’ किंवा ‘खूनभरपाई’ हे शब्द वाचकाला लगेच कळतात, पण ‘रक्तमूल्य’मध्ये शरीराचा भाव आहे, माणसाच्या दर्जाचा नाही, आणि ‘भरपाई’ हा शब्द आजच्या न्यायालयातील नुकसानभरपाईची आठवण करून देतो. ‘वीरगळ’शी ध्वनिसाम्य साधणारा एखादा नवा शब्द घडवण्याचा मोह टाळावा. माझ्या मते पहिल्या उल्लेखाला ‘वेरगिल्ड’ हा शब्द देवनागरीत जसाच्या तसा ठेवून एका वाक्यात अर्थ द्यावा, आणि त्यानंतर संपूर्ण ग्रंथात ‘वैरदेय’ वापरावे. मूळ कायद्यात नुसते ‘वेर’ रकमेच्या अर्थाने येईल तिथेही ‘वैरदेय’च लिहावे, ‘पुरुष’ लिहू नये. ‘मानबोत’साठी ‘धन्याचे देय’ आणि ‘वीते’साठी ‘राजदंड’ सुचतो खरा, पण राजदंड म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राजाच्या हातातली काठी येते, तेव्हा ‘राजाचा दंड’ असे दोन शब्द सुटे लिहिणे अधिक बरे.